भीड, पिग्मी आणि स्कॅनर

कॉलेजातल्या पोरांनी पैसे कसे सांभाळावेत यावर रील बनवणारे जे कोण आहेत ना, त्यातल्या एकाला तरी महिन्याच्या २५ तारखेला आमच्या कॅन्टीनमध्ये आणून बसवायला पाहिजे. ५०-३०-२० म्हणे. कमाईतले पन्नास टक्के गरजेला, तीस हौसेला, वीस बचतीला. आता आमची कमाई म्हणजे काय, तर आई पाठवते ते, मामाने निघताना हातात कोंबलेली पाचशेची नोट, आणि चवथीला घरी आलेल्या पाहुण्यांनी "घे गो, कायतरी खा" म्हणून दिलेलं. ह्याचे टक्के काढायला बसलं तर हसूच येतं. बरं, समजा काढले टक्के, अगदी एक्सेल शीट करून काढले (आमच्या वर्गातल्या एकाने केलीय, रंगीबेरंगी आहे, दुसऱ्या आठवड्यापासून पुढे कोरी आहे), तरी महिन्याचं गणित कुठे कोसळतं ते त्या शीटमध्ये दिसणारच नाही. चार लोकांत बसलेलो असताना "माझ्याकडे पैसे नाहीत" हे तीन शब्द भिडेपोटी तोंडातून निघत नाहीत, तिथे ते कोसळतं.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. बी.एस्सी. पणजीत केली, आता ताळगावच्या पठारावर विद्यापीठात एम.एस्सी. करतेय. तिघींनी मिळून खोली घेतलीय, भाडं ९००० म्हणजे डोकी ३०००, डब्याचे जवळपास तेवढेच, मग बस, झेरॉक्स, रिचार्ज. रिचार्जवरून आठवलं, २८ दिवसांचा महिना ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला मानलं पाहिजे, कारण वर्षाला बारा रिचार्ज असं आपण धरून चालतो आणि होतात तेरा, आणि तो तेरावा नेमका सेमिस्टरच्या फीच्या महिन्यातच येतो. पण एकंदरीत ठरलेले खर्च हे कंटाळवाणे असतात आणि त्यांनी कोणाचं वाटोळं केलेलं मी तरी बघितलेलं नाही. भाडं किती ते माहीत असतं, डबेवाल्या काकींना पाच तारखेला द्यायचे हे माहीत असतं. आईकडून येणारेही ठरलेले. त्यातले १५०० तर सरळ तिच्या गृह आधारचे, म्हणजे सरकार गृहिणीला घर चालवायला पैसे देतं आणि ही गृहिणी ते जसेच्या तसे मला पाठवते, आणि पाठवल्यावर लगेच फोन करून विचारते, "पोचले?" जसं काही बसच्या ड्रायव्हरकडे दिलेत.

गडबड असते ती मधल्या खर्चांची. वाढदिवस घ्या. आमच्या ग्रुपमध्ये जितके जण तितके वाढदिवस, वर सेमिनार झाला म्हणून, इंटर्नशिप मिळाली म्हणून, कोणाचं ब्रेकअप झालं म्हणून. पणजीत मळ्याच्या बाजूला एक कॅफे आहे तिथे जायचं ठरतं. तिथे बिल सरळ हातात देत नाहीत, एका लाकडी डबीत बडीशेपेखाली दाबून ठेवून जातात. मग कोणीतरी मोबाईलचा टॉर्च लावून ते वाचतो, दोन सेकंद शांतता, आणि मग ते वाक्य येतं, "इक्वल करूया ना, कोण हिशेब करत बसणार?" माझं वर्षानुवर्षांचं निरीक्षण आहे, हे वाक्य नेहमी ज्याने प्रॉन्स मागवलेले असतात तोच म्हणतो. ज्याने लाइम सोडा घेतलेला असतो तो मान हलवतो. मग स्कॅनर फिरतो, टुंग, टुंग, टुंग, आणि एका लाइम सोड्याचे ४६० रुपये होतात.

रोखीचा जमाना असता तर पाकीट उघडलं असतं आणि आत दोनच नोटा आहेत हे शेजारच्याला तरी दिसलं असतं, तो म्हणाला असता "राहू दे, मी घालतो, मग दे". स्कॅनरपुढे सगळे सारखेच श्रीमंत. कोणाच्या खात्यात वीस हजार आणि कोणाच्या खात्यात पाचशेतीस, टुंगचा आवाज तोच. यूपीआय २०१६ मध्ये आलं तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे स्वतःचे पैसे खर्च करायची वेळ आली तोवर सगळं फोनमध्येच गेलेलं. आमच्या रूटच्या खाजगी मिनीबसमध्ये मात्र अजून रोखच चालते. कंडक्टर नोटांची उभी घडी घालून बोटांच्या बेचक्यात धरतो, दुसऱ्या हाताच्या मुठीत चिल्लर खुळखुळवत "सुटे दी गो बाय" करत मागे सरकतो, आणि शंभरची नोट दिली तर असं बघतो की पुढच्या वेळी आपण घरूनच सुटे मोजून निघतो. तिथे गेलेला एकेक रुपया मला लक्षात राहतो. कॅफेतले ४६० दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आठवतसुद्धा नाहीत, बॅलन्स बघितल्यावर आठवतात.

मी यावर शोधलेला उपाय फार शूरवीरांचा नाही. बिल आल्यावर बोलायला माझीही जीभ रेटत नाही, म्हणून मी आदल्या दिवशीच ग्रुपवर टाइप करते, "मी येणार, पण माझं दीडशेपर्यंत." टाइप करताना समोर कोणाचं तोंड नसतं हा मोठा फायदा आहे, यूपीआयने आपली भीड अशी वाढवली तर निदान व्हॉट्सॲपने थोडी कमी करावी. पहिल्यांदा टाकलं तेव्हा बराच वेळ कोणी काही बोललं नाही, निळ्या टिक्स नुसत्या. मग दोघींचे वेगवेगळे पर्सनल मेसेज, दोन्हींचा मजकूर एकच, "बरं केलंस". त्यातल्या एकीला तर मी पक्की पैशेवाली समजत होते! मग हळूहळू अर्धे वाढदिवस गाड्यावर सरकले. रस ऑम्लेट (ऑम्लेटवर रस्सा) आणि पाव, वर कांदा, लिंबू, शंभरच्या आत माणूस तृप्त, आणि गाडेवाला बिलाला डबी वापरत नाही, तोंडीच सांगतो ज्याचं त्याचं.

हिशेबाची वही मी ठेवते पण त्यात सगळं लिहीत नाही. चहा सात, झेरॉक्स बारा असलं लिहायचा मला कंटाळा, आणि लिहून कोणाचा चहा कमी झाल्याचं ऐकिवात नाही. मी फक्त असे खर्च लिहिते जे मला करायचे नव्हते आणि तरी केले. समोर नुसतं "भी", म्हणजे भिडेपोटी. वर्गणी भी, ग्रुपचा टी-शर्ट भी (तो टी-शर्ट मी फेस्टच्या दिवशी घातला, नंतर त्याने खोलीतली खिडकी पुसतात), सिनिअरच्या फेअरवेलचं गिफ्ट, ज्या सिनिअरशी मी कधी बोललेलेच नाही, भी. महिन्याच्या शेवटी फक्त त्याची बेरीज करायची. आकडा सांगत नाही, पण एका महिन्यात तो डब्याच्या पैशांच्या बराच जवळ गेलेला आणि माझ्या रूममेटने वही बघून तिची स्वतःची वही सुरू केली.

आता एवढं भिडेच्या नावाने खडे फोडल्यावर हेही सांगायला पाहिजे की मी कॉलेजात गेले ती भिडेमुळेच. आमच्या गावात संध्याकाळी पिग्मीवाले काका येतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पिग्मी म्हणजे रोज दारात येऊन दहा, वीस, पन्नास जे काय जमेल ते घेऊन जातात, खात्यावर घालतात आणि मुदत संपली की एकरकमी मिळतात. पुढे सिंडिकेट बँक या नावाने ओळखली गेली त्या बँकेने १९२८ साली उडुपीत हे सुरू केलं, डॉ. टी. एम. ए. पै यांची कल्पना, तेव्हा रोज दोन आणे देऊनही चालायचं. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीनसुद्धा झाली, पण पिग्मी राहिलीय, आमच्याकडे तर पतसंस्थांचं अर्धं काम त्यावरच चालतं.

तर काका. स्कूटर अंगणाबाहेर लावतात, स्टँड ढिला म्हणून मागच्या चाकाला दगड. आत येत नाहीत, पायरीवर बसतात. गळ्यात ते छोटं मशीन, त्याच्या बटणांवरचे आकडे कधीच पुसले गेलेत पण काका न बघता दाबतात, आणि कर्र करून पावती निघते ती इतकी फिकट की दोन महिन्यांत कोरा कागद होतो, तरी आई ती कॅलेंडरच्या खिळ्याला टोचून ठेवते. काका कधी पैसे मागत नाहीत. पाणी पितात, पावसाचं बोलतात, कोणाच्या सुपारीला रोग पडला ते सांगतात, आणि बसून राहतात. सगळी करामत त्या बसून राहण्यात आहे. आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? एकदा घरात दमडी नव्हती तर आईने शेजारच्या काकींकडून वीस रुपये उसने आणून पिग्मीत घातले. उसने घेऊन बचत! अर्थशास्त्राच्या सरांना सांगितलं तर ते खडू खाली ठेवतील. पण रोजचे वीस म्हणजे वर्षाचे ७३००, वर थोडं व्याज, आणि माझ्या पहिल्या वर्षाच्या ॲडमिशनला बाबा इकडेतिकडे फोन करत होते तेव्हा हिने कपाटातून पिग्मीचं पासबुक काढलं.

म्हणून मला ते एसआयपीवाले (म्युच्युअल फंडात दरमहा थोडे थोडे घाला म्हणणारे) पटतात आणि नाहीही पटत. महिन्याला पाचशे आपोआप कापले जातील, दहा वर्षांनी बघा, हे गणित बरोबर आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी ते सुरू केलं, तीन महिने चाललं आणि चौथ्या महिन्यात फेस्ट आला तेव्हा ॲप उघडून पॉज केलं. का नाही करणार, पायरीवर कोणी बसलेलंच नाही. ॲपला पाणी विचारावं लागत नाही. मी आणि रूममेटने यावर तोडगा काढलाय, दोघींनी पोस्टात आरडी, म्हणजे दरमहा भरायची ठेव, काढलीय. महिन्याला १०० रुपयांपासून निघते, पाच वर्षांची, सध्या व्याज ६.७ टक्के. पैसे भरले की एकमेकींना स्क्रीनशॉट पाठवायचा. दहा तारखेपर्यंत तिचा स्क्रीनशॉट नाही आला तर मी काही बोलत नाही, फक्त तिच्या पलंगावर जाऊन बसते. काकांची पद्धत.

पिग्मीचं कौतुक केलं तर तिचा एक धोकाही सांगायला पाहिजे, कारण घराघरांत हा गैरसमज आहे. बँकेतली ठेव, मग ती सहकारी बँक का असेना, डीआयसीजीसीच्या (ठेवींचा विमा उतरवणाऱ्या महामंडळाच्या) विम्यात येते, माणशी ५ लाखांपर्यंत, २०२० च्या आधी ती मर्यादा एक लाखच होती. पतसंस्थेला हा विमा लागू नाही. आणि बँका बुडतात ही काही ऐकीव गोष्ट नाही, म्हापसा अर्बनचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२० च्या एप्रिलात रद्द केला, मडगाव अर्बनचा २०२१ च्या जुलैत, गोव्यात ज्याच्या घरी कोणाचे पैसे अडकले नव्हते असं कुटुंब त्या काळात शोधावं लागलं असतं. विमा होता म्हणून पाच लाखांच्या आतल्या ठेवीदारांना वाट तरी होती. पतसंस्थेत ठेवू नका असं मी म्हणत नाही, आमची चांगली चालली आहे, पण सगळे एकाच ठिकाणी नकोत आणि दरवर्षीचा अहवाल मागून बघायला काय हरकत आहे? हरकत एकच, काकांना विचारायचं कसं. आपला माणूस, पायरीवर बसणारा, त्याला "तुमची संस्था बुडणार नाही ना" असं तोंडावर विचारणार कोण. मी विचारलं. काका रागावले नाहीत, पुढच्या आठवड्यात अहवालाची प्रत घेऊन आले आणि म्हणाले, इतक्या वर्षांत कोणी मागितलीच नव्हती.

कमवायचं म्हटलं तर इथे सगळ्यात पटकन मिळणारं काम म्हणजे लग्नाच्या सीझनला केटरिंग. संध्याकाळी हॉलवर जायचं, काळी पँट पांढरा शर्ट, स्टार्टरचे ट्रे फिरवायचे, प्लेटी उचलायच्या, रात्री जेवण आणि सहा-सातशे हातात. वाईट काम नाही. पण आमच्या मुली मास्क लावून जातात, करोना संपून इतकी वर्षं झाली तरी मास्क, कारण गोवा एवढासा, कुठल्या हॉलमध्ये कोण नातेवाईक भेटेल सांगता येत नाही. मला फोंड्याच्या एका हॉलमध्ये दूरची आत्या भेटली. मी ट्रे घेऊन समोर, तिने कटलेट उचललं, मग वर बघितलं.

"अगो, तू? इथे?"

"हो आत्या. घ्या ना, चटणी इकडे आहे."

"बाबांचं बरं आहे ना?"

म्हणजे मुलगी ट्रे घेऊन फिरतेय त्या अर्थी बाप आजारी असणार, किंवा त्याहून काही वाईट. आइस्क्रीम सुरू व्हायच्या आत आईला फोन गेलेला. मी रात्री घाबरतच फोन केला तर आई म्हणाली, "मग मी तिला म्हटलं, वाढत होती ना, चोरत तर नव्हती?" विषय संपला. आत्याने नंतर तिच्या मुलाला त्याच केटररचा नंबर विचारायला लावला हे जाता जाता सांगते. आता मी दोन मुलांची दहावीची शिकवणी घेते, ते बरं पडतं, फक्त फी मागायची वेळ आली की परत तेच, मुलाची आई चहा-बिस्किटं आणून देते आणि आपली वाचा बसते. म्हणून एक तारखेला ठरलेला मेसेज, तोच मजकूर, कॉपी पेस्ट.

उधारीचा भाग मी टाळत होते पण तो टाळून पैशांवर लिहिणं म्हणजे फसवणूकच. माझे बाबा ट्रकवाले. खाणी जोरात होत्या तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, जिथे बघाल तिथे दारात ट्रक, आणि बहुतेक सगळे बँकेच्या हप्त्यावर. खेपा मोजायच्या, हप्ता भरायचा, उरलेल्यात घर. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. ट्रक अंगणात उभा राहिला, हप्ता काही उभा राहिला नाही. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते, मला एवढंच कळायचं की अमुक एक जीप वळणावर दिसली की बाबा मागच्या दाराने कुळागरात (सुपारीच्या बागेत) जातात आणि आई चहाचं आधण ठेवते. वसुलीला आलेल्यांना ती चहा द्यायची! आणि ते प्यायचे, आणि चहा प्यायल्यावर त्यांना जास्त चढ्या आवाजात बोलता यायचं नाही, बहुतेक आईला हे ठाऊक होतं. मध्ये काही काळ खाणी पुन्हा चालू झाल्या, मग २०१८ मध्ये कोर्टाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चात परत सगळं ठप्प. ट्रक मिळेल त्या भावाला गेला. तेव्हापासून आमच्या घरात हप्त्यावर काही येत नाही, मिक्सरसुद्धा पैसे जमवून आणला.

त्यामुळे वर्गातली मुलं फोन हप्त्यावर घेतात, पे लेटर (आत्ता घ्या, पैसे नंतर) वापरतात, तेव्हा मला आतून धस्स होतं, आणि त्यांना काहीच होत नाही, कारण त्यांच्या हप्त्याला जीप नाही. क्रेडिट कार्डाचं व्याज तीन-साडेतीन टक्के असं लिहिलेलं असतं, वाचून काही वाटत नाही कारण एफडीचे सहा-सात टक्के कानावर असतात. पण एफडीचे वर्षाचे आणि हे महिन्याचे, साडेतीन गुणिले बारा, ४२ टक्के. आणि पाच मिनिटांत कर्ज देणारी जी बेकायदा ॲप आहेत त्यांना तर तारण म्हणून सोनंनाणं काही लागत नाही, तुमची भीडच पुरते. फोनमधली नावांची यादी घेतात आणि हप्ता चुकला की आत्याला, सरांना, मैत्रिणीच्या आईला मेसेज. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केलाय की कर्जाच्या ॲपने कॉन्टॅक्ट लिस्टला, फोटोंना हात लावायचा नाही आणि पैसे थेट बँकेकडून किंवा एनबीएफसीकडून (बँक नसलेल्या नोंदणीकृत वित्त कंपनीकडून) तुमच्या खात्यात आले पाहिजेत. म्हणजे ॲप कॉन्टॅक्टची परवानगी मागतंय इतकं दिसलं की पुढचं वाचायचीही गरज नाही.

जुगाराचंही तसंच. मांडवीत कसिनोंची जहाजं रात्रभर झगमगतात आणि २०२० पासून गोंयकारांना तिथे खेळायला बंदी आहे, त्यामुळे आपली पोरं सुरक्षित असं आईबापांना वाटतं. पोरं होस्टेलच्या खोलीत शेअर बाजारातले ऑप्शन, म्हणजे भाव चढणार की पडणार यावरचे सौदे, खेळत असतात. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये हिशेब मांडला, तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये) उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात, आणि त्या शेवटच्या वर्षी ४३ टक्के ट्रेडर तिशीच्या आतले. गावच्या मटक्यावाल्याने निदान कधी स्वतःला गुंतवणूक सल्लागार म्हणवून घेतलं नाही. पैसे लावायचे ऑनलाइन गेम २०२५ च्या ऑगस्टमधल्या कायद्याने बंद झाले, ते बरं झालं, पण आमच्या बॅचच्या काही जणांसाठी ते उशिराच.

आणि सगळ्यात वाईट जे मी बघितलं त्यात ना कर्ज ना जुगार. ओळखीच्या एका मुलाला एका सिनिअरने सांगितलं, माझ्या खात्याचं लिमिट संपलंय, तुझ्या खात्यात थोडे पैसे येतील, काढून दे, त्यातले दोन हजार तुझे. सिनिअर, त्यात फुटबॉलमध्ये कॅप्टन, नाही कसं म्हणणार. काही दिवसांनी खातं फ्रीज. ते पैसे दुसऱ्या कुठल्या तरी राज्यात फसवल्या गेलेल्या माणसाचे होते आणि ते फिरवायला याचं खातं वापरलेलं, याला म्यूल अकाऊंट म्हणतात. पोलिसांच्या लेखी खातं ज्याचं, जबाबदारी त्याची. त्याची स्कॉलरशिप त्याच खात्यात यायची. खातं मोकळं करून घेता घेता सेमिस्टर गेलं, तोवर त्याच्या डब्याचे पैसे आम्ही काढत होतो (ते माझ्या वहीत "भी" मध्ये नाहीत). आपण स्वतः फसलो तर १९३० ला लगेच फोन करायचा हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात. पण खातं, एटीएम कार्ड, सिम मागणाऱ्या मित्राला नाही म्हणायला कुठला हेल्पलाइन नंबर नाही.

सध्या घरी चालू आहे ते भावाचं. बारावी झाली, पुण्याला ॲडमिशन मिळतेय, पैसे नाहीत. मी सगळी माहिती काढून नेली. आपल्याकडे गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त कर्जाची योजना आहे, म्हणजे घेतलं तेवढंच फेडायचं. ते नाही जमलं तर बँकेचं शैक्षणिक कर्ज, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, कोर्स आणि वर एक वर्ष हप्ता नाही, फक्त त्या काळात व्याज चढत राहतं, ते जमेल तसं भरत राहिलं तर पुढे हलकं जातं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. कर्ज हा शब्द आला की ते अंगणाकडे बघतात, ट्रक जायला इतकी वर्षं झाली तरी. मग म्हणाले, "हप्ता चुकला तर घरी कोण येतं?"

"कोणी येत नाही बाबा. आधी मेसेज येतो. मग सिबिल पडतं."

"कोणीच येत नाही?"

"बराच काळ तरी नाही."

"मग चुकलाय हे माणसाला कळायचं कसं?"

मी त्यांना सिबिल समजावत बसले, आपण कर्ज वेळेवर फेडतो की नाही याचा ३०० ते ९०० मध्ये आकडा असतो, वर्षातून एकदा फुकट बघता येतो, तो पडला की पुढे घराला, गाडीला कर्ज मिळत नाही वगैरे. तर म्हणे पास कितीला, आणि ३०० पासूनच का सुरू, शून्यापासून का नाही, ३०० काय फुकट वाटतात की काय. भाऊ हसायला लागला. सह-कर्जदार म्हणून त्यांची सही लागते, ती अजून झालेली नाही, पण फॉर्म त्यांनी मागून घेतलाय आणि वाचतायत, आणि दर थोड्या वेळाने मला फोन करून एकेक अट विचारतायत.